लाल कड्याखालचं पाणी

उत्तरेची छावणी,
सान मार्तिनच्या सणाचा आदला दिवस, १५५३

माग्दालेनाताई,

धाकट्या भावाचा, बाल्तासारचा, पायांना हात लावून नमस्कार. तू धडधाकट असशील, निवडुंगांवर रंगासाठी पाळलेले किरमिजी किडे भरपूर लागले असतील आणि इनेस नेहमीसारखी तोंड मिटून ते झाडत असेल, असं धरून चालतो. माझं विचारू नकोस. विचारलंस तर सांगावं लागेल.

पावसाळा संपल्यावर आम्ही उत्तरेला निघालो आणि हात हलवत परत आलो. कप्तान बेर्रुएकोच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय की या उजाड मुलखापलीकडे चांदीचे डोंगर आहेत. पलीकडे काय आहे ते देव जाणे, अलीकडे पाणी नाही एवढं मला पक्कं कळलं. आधी घोडे पडले. मग आपल्या त्लाश्कालाचे दोघं गेले, चटईवाल्यांचा मार्कोस आणि त्याचा मेव्हणा. मार्कोस शेवटी तोंडात गारगोटी धरून चोखत होता आणि मला म्हणत होता, तू तर म्हणालास वाट माहीत आहे. त्याच्या आईला तू भेटायला जाशील तेव्हा हे सांगू नकोस.

वाट मला माहीत नाही, ताई. निघताना मी कप्तानापुढे दोन गोष्टी सांगितल्या होत्या, की इथल्या डोंगरी लोकांची भाषा येते आणि त्यांचा मुलूखही ठाऊक आहे. भाषा येते हे खरं. पश्चिमेच्या लढाईतून बाबांनी इनेसला घरी आणली तेव्हा तिला आपलं काही कळायचं नाही, म्हणून तिच्याशी भांडायला मीच तिची भाषा शिकलो. मुलखाची मात्र थाप मारली. बाबांनी समुद्रापलीकडून आलेल्या कास्तीलवाल्यांना वाट दाखवली आणि दारावर लावायला राजाचं निशाण मिळवलं. त्या निशाणाखालून येता-जाता मला वाटायचं, आपणही काहीतरी दाखवावं. आता दाखवायला माझ्याकडे फक्त मान उरली आहे. कप्तानानं सगळ्यांसमोर सांगितलंय, ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारपर्यंत पाणी दाखव, नाहीतर दगाबाज म्हणून झाडाला लटकवीन. आणि हा माणूस थट्टा करत नाही.

इनेस त्याच मुलखातली. झोपेत ती लाल कड्याचं नाव घ्यायची, तुला आठवत असेल. तिला विचार, तिची माणसं पाणी कुठे भरतात. कप्तानाचं नाव काढू नकोस. सांग की एक पाद्री आहे, गरीब आहे, अनवाणी चालतो, त्याला तिच्या लोकांना बाप्तिस्मा द्यायचाय आणि मी त्याच्यासोबत आहे. पाद्री आमच्याबरोबर आहेच, म्हणजे अगदीच खोटं नाही.

लवकर लिही गं. खेचरवाला मागच्या दारानं पाठव, शेजाऱ्यांना चर्चा नको.

तुझा,
बाल्तासार



त्लाश्काला,
तीन राजांच्या सणानंतरचा सोमवार, १५५४

बाल्तासार,

तुझं अक्षर अजून तसंच गिचमिड. पाद्र्यांनी तुला शाळेत शिकवलं आणि मी तुझ्या मागे बसून चोरून शिकले, तरी माझं बरं.

मार्कोसच्या आईकडे जाऊन आले. ती मला म्हणाली, निदान तुमचा भाऊ होता त्याच्याजवळ. मी मान डोलावली. तुझ्यामुळे मला काय काय करावं लागतंय ते बघ.

आता इनेसचं. आम्ही दोघी बागेत होतो, ती हरणाच्या शेपटीनं किडे झाडत होती आणि मी खाली टोपली धरली होती. मी तुझ्या पाद्र्याची गोष्ट सांगितली. पार अनवाणी पायांसकट. तिनं हात थांबवला नाही. मला वाटलं, हिला संशय आला. मग तिनं एवढंच विचारलं, बाल्तासार माझ्या आईला शोधेल का?

इतक्या वर्षांत ती आईबद्दल पहिल्यांदा बोलली. मी हो म्हटलं. आणि मग तिनं सांगितलं ते नीट वाच.

मिठाच्या कोरड्या तळ्यापर्यंत तुम्ही पोचला असाल. तिथून सूर्य उगवतो त्या बाजूला लाल कडा दिसतो. पाणी त्याच्या पायथ्याशी आहे, पण ते तुम्हाला सापडणार नाही. तिचे लोक झऱ्याचं तोंड दगड नि काट्यांनी असं झाकतात की त्यावर उभं राहिलात तरी कळायचं नाही. ते पाणी कुणी दिलं तरच मिळतं. आणि मिळवायची रीत अशी, की परक्यानं कड्याजवळ जायचं नाही. दुरून दिसेल अशा जागी, कड्याकडे पाठ करून बसायचं. हत्यार मांडीवर नाही, मागे जमिनीवर ठेवायचं, त्यांच्या हाताला लागेल असं. हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही. तहान कितीही लागो. वर खडकांत लपून ते बघत असतात. जो असा पाठ देऊन बसतो त्याच्या मनात दगा नाही असं ते मानतात, आणि मग कुणीतरी म्हातारं माणूस भोपळ्यात पाणी घेऊन येतं. त्या पाण्यानंतर तुम्ही त्यांचे पाहुणे. ते तुमच्यावर हात उगारणार नाहीत आणि तुम्ही त्यांच्यावर.

इनेस म्हणाली की हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनी एकदा दरडावून विचारलं होतं, तेव्हाही नाही. तुला सांगितलं, कारण तू तिच्याशी तिच्या भाषेत भांडलास.

बाल्तासार, मला हे बरोबर वाटत नाही. गळ्यात क्रूस घालून मी खोटं बोलले. आणि हे एकच खोटं नाही. मागच्या वर्षी बाजारात दवंडी पिटली, लढाईत धरून आणलेल्या बायका-मुलं मोकळी, कुणी ठेवून घेऊ नये. मी ती ऐकली, घरी आले आणि इनेसला मका दळायला बसवलं. तिला सांगितलं नाही. बागेत किडे भरले होते, माझा नवरा साथीत गेलेला, एकटीनं मी काय काय बघणार? रोज म्हणते, उद्या सांगीन. मोठ्या साथीत मी तापानं फणफणले होते तेव्हा हिनं मला चमच्यानं पाणी पाजलं, आणि तिच्याशी मी असं वागते.

म्हणून माझी अट ऐक. पाणी घ्या, देवाचं नाव घ्या आणि वाटेला लागा. तिथल्या एकाही माणसाला धक्का लागता कामा नये. आणि तिच्या आईला शोध. उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग आहे. तू शब्द दे, कप्तानाकडूनही घे.

भाजलेल्या मक्याचं पीठ आणि सुक्या मिरच्या पाठवल्या आहेत. मिरच्या इनेसनं निवडल्या.

माग्दालेना



लाल कडा,
राखेच्या बुधवारनंतरचा आठवडा, १५५४

ताई,

पाणी मिळालं. मान शाबूत आहे. तुझे आणि इनेसचे उपकार.

सगळं तिनं सांगितल्यासारखंच झालं. तिची आई जिवंत आहे. डाग पाहिला. मुलगी सुखरूप आहे हे सांगितल्यावर म्हातारीला फार आनंद झाला. तिचा आशीर्वाद इनेसला कळव.

कप्तान खूश आहे. मला घोडा दिलाय आणि तलवार बांधायची परवानगी. बाबांना घोडा कधी मिळाला नव्हता.

घाईत आहे. आम्हाला लगेच खाणीच्या गावी जायचंय.

बाल्तासार



त्लाश्काला,
ईस्टरचा आठवडा, १५५४

बाल्तासार,

तुझं पत्र इनेसला वाचून दाखवलं. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं, मग परत एकदा. बाई, आई आहे, म्हणाली, आणि हातातली टोपली खाली ठेवून अंगणात बसली. मग हसायला लागली. ही बाई हसते हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी तिनं मक्याच्या पानात मुटकी उकडली आणि शेजारच्या घरी स्वतः नेऊन दिली. शेजारीण मला विचारते, तुमची मुकी बोलायला कधी लागली?

तेव्हापासून तिचं तोंड बंद नाही. आई किती वाकलीय? दात आहेत का? पाणी द्यायला तीच आली की दुसरं कुणी? भोपळा पुढे करताना काय म्हणाली? मी म्हटलं, बाल्तासार घाईत होता. ती म्हणाली, आई घाईत सोडायची नाही. आईसाठी झगा विणायला घेतलाय, पट्टीला आपल्याच बागेतला लाल रंग. आणि काल म्हणाली, पावसाळ्याआधी मी जाऊन भेटून येऊ का? ती माझी परवानगी मागत होती, बाल्तासार. जी द्यायचा मला हक्कच उरलेला नाही.

हे झालं तिचं. आता माझं ऐक.

शनिवारच्या बाजारात खाणीकडून आलेला एक गाडीवाला मीठ विकत होता. त्याच्याभोवती माणसं जमली होती म्हणून मीही थांबले. तो सांगत होता, बेर्रुएकोनं यंदा कमाल केली. आजवर त्या डोंगरी लोकांची सावलीही कुणाला धरता आली नव्हती, याच्यापुढे ते आपणहून उतरले. हातात पाण्याचे भोपळे घेऊन उतरले आणि गळ्यात दोर घालून खाणीत गेले. लोक हसत होते. गाडीवाला हावभाव करून दाखवत होता की शिपाई कसे पाठ करून बसले होते.

इनेस माझ्यापासून चार हातांवर मिरच्या निवडत होती. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी तिचा हात धरून तिला घरी आणलं.

तो खोटारडा असेल तर तसं लिही. तसं असलं तर त्याला शोधून मी त्याच्या तोंडात त्याचंच मीठ कोंबीन. पण तू शपथेवर लिही. लहानपणापासून खोटं बोलायचं असलं की तू थोडक्यात आटोपतोस, आणि मागचं पत्र चार ओळींचं होतं.

माग्दालेना



खाणीचं गाव,
सान हुआनचा दिवस, १५५४

ताई,

गाडीवाला खोटारडा नाही.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. आज बाहेर सणाचे ढोल वाजताहेत, सगळे तिकडे गेलेत, म्हणून सगळं लिहून टाकतो.

मी कप्तानाला रीत सांगितली. सांगावीच लागली, कारण एकट्यानं बसून साऱ्या फौजेला पाणी कसं मिळणार? आणि तुझी अटही सांगितली. कप्तानानं छातीवर क्रूस काढला, म्हणाला, मला फक्त पाणी हवंय. मी विश्वास ठेवला असं तुला लिहिणार होतो. पण खरं सांगू? खाणीला माणसं कमी पडताहेत हे छावणीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मलाही होतं. मी विचारच केला नाही. पाण्याच्या पलीकडचा विचार करायचा नाही असं ठरवून टाकलं.

सकाळी आम्ही कड्याकडे पाठ करून बसलो, सगळीच्या सगळी फौज. हत्यारं मागे ठेवली, पण अंगरख्यात प्रत्येकानं सुरी आणि दोर ठेवले होते. ते मी पाहिलं होतं. ऊन चढलं. कास्तीलवाले शिव्या पुटपुटत होते, पण वळलं कुणी नाही. कप्तान माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता, देवळात बसावं इतका शांत.

मग मागून पावलं वाजली आणि एक म्हातारी पुढे येऊन माझ्यासमोर बसली. उजव्या भुवईवर डाग. भोपळ्यातला पहिला घोट तिनं स्वतः घेतला, मग मला दिला. मी प्यालो. तिनं विचारलं, "असं बसायला तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "तुमच्या मुलीनं. ती जिवंत आहे. माझ्या बहिणीच्या घरी आहे."

तेव्हा मला अभिमान वाटला, ताई. तुझं काम केलं, इनेसचं काम केलं, असं वाटलं. म्हातारीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग उठली आणि खडकांकडे तोंड करून ओरडली, या, सगळे या, माझ्या पोरीनं पाठवलेली माणसं आहेत. ती ओरडली नसती तर चार-दोन म्हातारेच उतरले असते, ती त्यांची रीतच आहे. तिच्या हाकेवर सगळे उतरले. तरणेताठे, पोटुशी बायका, सगळे. ज्याला जे मिळालं त्यात पाणी घेऊन. आमची माणसं पोटभर प्याली. मग कप्तान उठला आणि टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. ती खूण होती.

ते लढलेच नाहीत. पाणी दिलं होतं ना. आम्ही पाहुणे होतो.

म्हातारीला सोडून दिलं. कप्तान म्हणाला, ही वाटेतच मरेल, दोर फुकट जाईल. निघताना मी वळून पाहिलं, ती झऱ्यापाशी उभी होती आणि माझ्याचकडे बघत होती. मला तिच्या भाषेतला एक शब्द आठवला नाही.

आता मी इथे खाणीवर दुभाष्या आहे. हुकूम त्यांच्या भाषेत सांगायचं काम माझं. ते ऐकतात, पण माझ्याशी कुणी बोलत नाही. मी दिलेलं पाणीसुद्धा माझ्या हातून घेत नाहीत, खाली ठेवलं की मी गेल्यावर घेतात. घोड्यावर मी अजून बसलेलो नाही. पण तो परतही केलेला नाही. जेवतो, झोपतो. माझी मलाच किळस येते. पाद्र्याकडे पापाची कबुली दिली, तर त्यानं प्रार्थना म्हणायला सांगितल्या. म्हटल्या.

तुझ्या पाया पडतो, इनेसला हे कळू देऊ नकोस. तिला इकडे पाठवू नकोस. सांग की वाट बंद आहे, मुलूख पेटलाय. आई सुखी आहे असंच तिला वाटू दे. आपल्या दोघांना जे भोगायचं ते आपण भोगू. तिला का त्यात ओढायचं? दवंडीचंही बोलू नकोस. आपल्या घरात तिला काय कमी आहे?

तुझा अभागी भाऊ,
बाल्तासार



त्लाश्काला,
मारियेच्या स्वर्गारोहणाचा दुसरा दिवस, १५५४

बाल्तासार,

तुझं पत्र मी लपवलं. महिनाभर लपवलं. तू सांगितलंस तसंच इनेसला सांगितलं, की वाट बंद आहे. तिनं मान हलवली आणि झगा विणत राहिली. मी तुला शिव्या देत होते आणि करत होते तुझंच काम.

परवा झगा पूर्ण झाला. तिनं तो घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, खेचरवाल्याबरोबर पाठवता का? आईच्या हाती पडेल असा कुणीतरी विश्वासाचा माणूस बघा, नाहीतर बाल्तासारकडेच द्या.

मग माझ्यानं राहवलं नाही. पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तुझं घोड्याचं, पाद्र्याचं, सगळं. तिच्या आईनं तुझा चेहरा हातांत धरला तेही. तिला कळू देऊ नकोस असं तू लिहिलंस तेही. आणि लगोलग दवंडीचंही सांगून टाकलं, की तू केव्हाचीच मोकळी आहेस, मी पापिणीनं दडवून ठेवलं.

मला वाटलं, रडेल. मारेल. मी मार खायला तयार होते, उलट तिनं मारावं असंच वाटत होतं.

ती म्हणाली, "दवंडीचं मला माहीत होतं. मी पण बाजारातच होते. म्हटलं, बघू बाई कधी सांगतात." आणि मग म्हणाली, "आई गेली असं वाटत होतं, म्हणून थांबले. जाऊन करायचं काय होतं?"

मी पायांवर पडले. सगळा दोष माझा, म्हटलं, मीच तुझ्याकडून काढून घेतलं. मग म्हटलं, बाल्तासारचाही आहे, त्यानं खोटं सांगायला लावलं. मग कप्तानाचा म्हटलं. ती ऐकत होती. मला उठवलंही नाही आणि झिडकारलंही नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, कागद आणा, मी सांगते तसं लिहा, तुमचं काही घालू नका.

ती उद्या निघते आहे. मी तिच्याबरोबर येते आहे. तिनं चला म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. बाग चटईवाल्यांकडे सोपवली आहे. मार्कोसच्या आईला मार्कोस कसा गेला तेही सांगून आले. तिनं दार लावून घेतलं.

पुढचं सगळं इनेसचं.

बाल्तासार, मी इनेस सांगते.

बाईंनी तुझं पत्र वाचलं. तू लिहितोस दोष तुझा. बाई म्हणतात त्यांचा. तुम्ही दोघांनी तो आपसांत वाटून घेतलात. माझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिच्या कानांवर माझंच नाव पडलं आहे, आणि ते तू सांगितलंस. माझ्या पोरीनं पाठवलेली माणसं, असं ती स्वतः ओरडली. गळ्यात दोर पडला तेव्हा सगळ्यांनी तेच ऐकलेलं होतं. आज ती त्या झऱ्यापाशी एकटी आहे आणि तिला वाटतंय, हे तिच्या मुलीनं केलं. ती तशीच मेली तर मी काय करू?

मी एकटी जाऊन सांगितलं तर ती का मानेल? तू सांगितलेलं तिनं मानलं होतं.

आम्ही खाणीच्या गावावरून येऊ. आधी तिथल्या माझ्या माणसांसमोर उभा राहा आणि त्यांच्या भाषेत सांग की इनेसला कप्तानाचं माहीत नव्हतं. मग माझ्याबरोबर लाल कड्याला चल आणि आईला सांग. कप्तान सोडणार नाही म्हणशील. फाशी देईल म्हणशील. देईलही. फाशी चुकावी म्हणूनच तू मला विचारलं होतंस.

तुला किती वाईट वाटतं ते मला पुन्हा लिहू नकोस. माझ्या आईला कागद वाचता येत नाही. तू ये.